मॅक्नाला जायचंय? खाऱ्या पाण्याच्या टँकवाल्यांसाठी तयारीपासून परतीपर्यंत

मॅक्ना या उत्तर अमेरिकेतल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयवाल्यांच्या परिषदेच्या आधीच्या आठवड्यात मी रोज रात्री दहा मिनिटं टँकसमोर वही घेऊन बसतो. दिवे मंदावलेले असतात, क्लाउनफिश आपल्या अ‍ॅनिमोनीत (समुद्रफुलात) शिरायच्या बेतात असतो, आणि मी त्या दिवसाचे आकडे लिहितो: तापमान, क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण), अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण), कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट. सातव्या रात्री त्या आकड्यांखाली एक प्रश्न लिहायचा. एकच. या टँकचं मला आज सगळ्यात न उलगडलेलं काय आहे, तो.

ही सवय लागली 2015 साली. त्या वर्षी मॅक्ना वॉशिंग्टन डीसीत होती आणि मी न्यू जर्सीहून गाडीनं चार तासांत पोचलो होतो. माझ्या 75 गॅलनच्या, म्हणजे साधारण 284 लिटरच्या टँकमधल्या अ‍ॅक्रोपोरा नावाच्या कोरलची, म्हणजे प्रवाळाची, टोकं पांढरी पडत होती. दिवे कमी केले, जास्त केले, पाण्याचा प्रवाह बदलला, काही फरक पडेना. पहिल्या दिवशी दुपारी कॉफीच्या टेबलावर शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी हे सांगितलं. त्यांनी उपाय सांगितला नाही. आधी विचारलं, ‘आकडे आहेत का?’ मी वही उघडली. अल्कलिनिटी 11 डीकेएच (ती मोजायचं एकक), नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. त्यांनी त्या दोन शून्यांवर बोट ठेवलं. पाण्यात खायला काहीच नाही आणि अल्कलिनिटी मात्र चढी, अशानं सांगाडा भराभर वाढतो आणि वरची कातडी मागे राहते, म्हणून टोकं उघडी पडतात, असं त्यांचं म्हणणं. घरी आल्यावर मी रोज अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नाही अशा बेतानं अल्कलिनिटी आठवर आणली आणि माशांना थोडं जास्त खाऊ घालायला लागलो. दोन महिन्यांत टोकांवर पुन्हा जांभळा रंग चढला.

एवढ्यासाठी मी दोन वर्षं धडपडत होतो. म्हणून परिषदेला कसं जावं असं कुणी विचारलं, तर मी आधी वहीबद्दल बोलतो आणि खरेदीबद्दल सगळ्यात शेवटी.

कुठल्या परिषदेला जायचं

मॅक्ना म्हणजे मरिन अ‍ॅक्वेरियम कॉन्फरन्स ऑफ नॉर्थ अमेरिका. अमेरिका-कॅनडातल्या हौशी क्लबांची मास्ना नावाची शिखर संघटना 1988 मध्ये उभी राहिली आणि पहिली मॅक्ना 1989 मध्ये टोरोंटोला भरली. तिचा मुक्काम फिरता असतो: 2014 डेन्व्हर, 2015 वॉशिंग्टन, 2016 सॅन डिएगो, 2017 न्यू ऑर्लिन्स, 2018 लास व्हेगास, 2019 ऑर्लँडो. 2020 साली करोनामुळे प्रत्यक्ष भेटणं झालंच नाही. त्यामुळे पहिला नियम असा, की यंदा मॅक्ना भरणार आहे का, कुठे आणि कधी, हे संघटनेनं स्वतः जाहीर केल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

मॅक्नाचा कणा म्हणजे व्याख्यानं. त्याला लागून मोठं प्रदर्शन असतं. याउलट रीफापलूझासारखे मेळावे मुख्यतः बाजारासाठी असतात. तिथे कोरल विकणाऱ्यांची गर्दी असते, मुलंबाळं घेऊन जाता येतं आणि दिवसभरात फिरून परत येता येतं. जर्मनीत न्युर्नबर्गला दोन वर्षांतून एकदा भरणारं इंटरझू हे व्यापाऱ्यांसाठीचं प्रदर्शन आहे, तिथे हौशी माणसाला प्रवेश नसतो. दुकान असेल तरच त्याचा विचार करा. आणि तुमचा टँक अजून सहा महिन्यांचाही नसेल, तर यातलं काहीच नको. आधी जवळच्या क्लबच्या फ्रॅग स्वॅपला जा. सभासद आपापल्या कोरलचे तुकडे घेऊन एखाद्या हॉलमध्ये जमतात, अदलाबदल करतात. तिथे चूक झाली तर स्वस्तात होते आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायला माणूसही असतो.

नोंदणी, खोली आणि जेवण

मॅक्ना साधारण शुक्रवार ते रविवार चालते. एका दिवसाचा पास आणि पूर्ण पास असे पर्याय मिळाले तर पहिल्या खेपेला पूर्ण घ्या. शुक्रवारी माणूस नुसता भांबावलेला असतो, खरा उपयोग शनिवारी सुरू होतो. शनिवारी संध्याकाळच्या मेजवानीचं तिकीट पासात धरलेलं आहे की वेगळं, ते नोंदणी करतानाच पाहा. शाकाहारी असाल तर तेव्हाच कळवा; ऐन वेळी सांगितलं तर बशीत सॅलड आणि ब्रेड एवढंच येतं. मेजवानी टाळू नका. वर्षभराचे पुरस्कार तिथे दिले जातात, लकी ड्रॉ असतो, आणि आठ-दहा अनोळखी माणसांबरोबर दोन तास एका टेबलावर बसायला मिळतं.

खोली परिषदेच्याच हॉटेलात घ्या. परिषदेनं ठरवून घेतलेल्या सवलतीच्या दरातल्या खोल्या लवकर संपतात, म्हणून नोंदणीच्या दिवशीच हेही काम उरकून टाका. लांबच्या स्वस्त हॉटेलात राहून मी एकदा पैसे वाचवले होते. रात्री हॉल बंद झाल्यावर लॉबीत जी मंडळी गप्पा मारत बसतात, त्यांना मी त्या वर्षी मुकलो. दिवसभर व्यासपीठावर असलेली माणसं तिथे सैलावून बसलेली असतात, फोनमधले आपल्या टँकचे फोटो दाखवत असतात, काय मेलं आणि का मेलं ते मोकळेपणानं सांगत असतात.

भारतातून येणार असाल, तर परिषदेला हजर राहणं बी-1 व्हिसाच्या कक्षेत बसतं. मुलाखतीच्या तारखा मिळायला वेळ लागतो, तेव्हा व्हिसा हाती आल्यावरच पुढचे पैसे गुंतवा. नुसत्या परिषदेसाठी एवढ्या लांब येऊ नका, हे माझं प्रामाणिक मत. मुलीकडे, भावाकडे येणं होणारच असेल, तर ते परिषदेच्या तारखांना जोडून घ्या.

मागे राहिलेला टँक

चार दिवस घर सोडून जाताना टँकला धोका असतो तो दोन गोष्टींचा: बाष्पीभवन आणि प्रेम.

बाष्पीभवन सोपं आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, क्षारता चढते. समुद्राची क्षारता हजारी 35 भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास. उघड्या टँकमधून रोज काही लिटर पाणी उडतं, ते गोड्या पाण्यानं भरून काढणारा ऑटो टॉप-ऑफ असायलाच हवा. निघण्यापूर्वी त्याची टाकी काठोकाठ भरा, सेन्सरवरची शेवाळाची पातळ साय बोटानं पुसून टाका, आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात टँकमध्ये काहीही नवीन करू नका. नवा मासा नको, नवा पंप नको, मिठाचा नवा ब्रँड तर नकोच. नव्या गोष्टी बिघडतात त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तेव्हा तुम्ही घरी नसता.

प्रेमाचं अवघड आहे. आमच्या शेजारच्या काकू फार मायाळू. पहिल्या खेपेला मी त्यांना खाण्याचा डबा देऊन ‘रोज चिमूटभर’ एवढंच सांगून गेलो. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करतात हे पाहून त्यांना ते उपाशी वाटले, आणि भुकेल्या जिवाला चिमूटभर कोण वाढतं? रविवारी रात्री आलो तर पाणी दुधाळ झालेलं, स्किमरचा, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राचा, कप वाहून जमिनीवर आलेला. काकूंची चूक नव्हती, सांगण्यात मीच कमी पडलो होतो. तेव्हापासून मी आठवड्याच्या गोळ्यांची कप्प्यांची डबी आणतो, प्रत्येक वाराच्या कप्प्यात तेवढंच खाणं मोजून ठेवतो आणि मोठा डबा कुलुपात ठेवून जातो. सोबत एक कागद ठेवतो: पंप बंद दिसला तर कोणतं बटण दाबायचं, जमिनीवर पाणी दिसलं तर कोणता प्लग काढायचा, आणि अडलं तर कुणाला फोन करायचा. वीज गेल्यावर पाणी परत संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीत, उतरतं. ते मावतं की नाही, हे मेन स्विच बंद करून निघण्यापूर्वी एकदा स्वतः बघून घ्या.

व्याख्यानं कशी निवडायची

कार्यक्रमपत्रिका मिळाली की दिवसाला तीनच व्याख्यानांवर खूण करा. पाच-सहा ऐकली की संध्याकाळपर्यंत सगळं एकमेकांत मिसळतं. तिन्हींपैकी एक तुमच्या वहीतल्या प्रश्नाशी संबंधित असावं, एक अगदी परक्या विषयाचं, आणि एक समुद्राबद्दलचं, म्हणजे टँकच्या काचेपलीकडचं.

प्रकाशावरचं सत्र असेल तर जरूर बसा. पेन स्टेट विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक संजय जोशी यांनी वर्षानुवर्षं टँकवरच्या दिव्यांची पद्धतशीर मोजमापं करून ती हौशी लोकांसाठी मांडली. ‘अमुक दिवा भारी आहे’ या ऐकीव बोलण्याच्या जागी पार नावाचा मोजता येणारा आकडा या छंदात रुजला, त्यात अशा कामाचा मोठा वाटा आहे. पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला तो किती पोचतो, यावर कोरलचं पोट भरतं. अ‍ॅक्रोपोराला 200 ते 350 च्या आसपास पार लागतो, बहुतेक मऊ कोरल 50 ते 150 मध्ये सुखात राहतात. हे दोन आकडे डोक्यात असले की प्रदर्शनात अर्ध्या चुका टळतात.

काचेपलीकडच्या विषयात दोन गोष्टींकडे माझे कान लागलेले असतात. एक, कोरलचं बंदिस्त प्रजनन. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं 2012 मध्ये प्रोजेक्ट कोरल सुरू केला. समुद्रातलं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, चंद्राचा उजेड, सगळं टँकमध्ये तसंच्या तसं उभं करायचं आणि कोरलला ‘आता वेळ झाली’ असं पटवायचं. त्याच वाटेनं 2019 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये पिलर कोरलनं प्रयोगशाळेत अंडी सोडली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 2014 पासून स्टोनी कोरल टिश्यू लॉस नावाचा रोग पसरतोय आणि पिलर कोरल तिथून जवळजवळ नाहीसं झालंय. अशा वेळी टँकमध्ये कोरल जगवण्याचं जे कसब, त्यातलं कितीतरी हौशी लोकांनी आपापल्या तळघरांत घडवलेलं, ते एका प्रजातीला वाचवायला उपयोगी पडतं. हे ऐकताना ऊर भरून येतो.

दुसरी गोष्ट माशांची. हवाईचा पिवळाधमक यलो टँग कुणाला आवडत नाही? पूर्वी बाजारात येणारा प्रत्येक यलो टँग समुद्रातून पकडलेला असायचा. 2015 मध्ये हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटनं त्याची पिल्लं पहिल्यांदा टँकमध्ये वाढवली. या माशाची अळी इतकी बारीक असते की तिच्या तोंडात मावेल असं जिवंत खाद्य शोधण्यातच सगळी लढाई होती. आज टँकमध्ये जन्मलेला यलो टँग विकत मिळतो, आणि मी तोच घेतो. लहानपणापासून टँकमधलं खाणं खाल्लेला असल्यामुळे पहिल्या दिवसापासून तो जेवतो.

व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाकडे झुंबड उडते. त्या गर्दीत उभ्या उभ्या लांबण लावू नका. वही काढा, आकडे दाखवा, एका वाक्यात विचारा. लांब बोलायचं असेल तर ‘संध्याकाळी पाच मिनिटं मिळतील का?’ असं विचारा. माझ्या अनुभवात आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

प्रदर्शनाचा हॉल

दारातून आत शिरलात की डोळे दिपतात. अख्खा हॉल निळ्या उजेडात बुडालेला, आणि त्यात हिरवे, केशरी, गुलाबी तुकडे निखाऱ्यासारखे चमकताहेत. पहिल्या फेरीत पाकीट बाहेर काढायचं नाही. सगळा हॉल एकदा चालून या, नोंदी करा, मग जेवा, मग परत या.

निळ्या दिव्याखाली कोरलमधली प्रथिनं चकाकतात, म्हणून विक्रेते तो वापरतात. त्यात फसवणूक नाही, पण तुमच्या घरातला दिवा तसा नसेल तर घरी आल्यावर तोच तुकडा तपकिरी दिसेल. विक्रेत्याला नम्रपणे विचारा, ‘एक मिनिट पांढरा दिवा लावता का?’ चांगला विक्रेता लगेच लावतो. फोटो काढायला केशरी फिल्टर जवळ ठेवा, नाहीतर फोटोत निळ्याशिवाय काही येणार नाही.

आता तुकडा हातात घ्यायची वेळ. फ्रॅग हा सिमेंटच्या किंवा चिनीमातीच्या बटणाएवढ्या चकतीवर चिकटवलेला असतो. तो जवळून, तळापासून पाहा. कोरलची कातडी चकतीवर पसरून कडेवरून खाली उतरली असेल, तर तुकडा महिनोन्‌महिने तिथे रुजलेला आहे. डिंकाचा पांढरा ठिपका उघडा दिसतोय आणि कोरल त्यावर नुसतं उभं आहे, म्हणजे ते गेल्या आठवड्यात कापलेलं. अशाला प्रवास झेपत नाही. मग चकतीची खालची बाजू बघा. काचेच्या छोट्या फुलासारखं काही हलतंय? ते एप्टेशिया, टँकभर पसरणारं तण. कडेला बारीक वाकडी नळी? वर्मेटिड गोगलगाय. आणि अ‍ॅक्रोपोराच्या बुंध्याशी, जिथे कातडी संपते त्या पांढऱ्या भागावर, भिंग धरून अंडी शोधा: खसखशीएवढ्या तपकिरी ठिपक्यांचा एक गठ्ठा. ती अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी. मी एका वर्षी घाईत नऊ तुकडे घेतले, बुंधे पाहिले नाहीत, थेट टँकमध्ये लावले. सहा आठवड्यांनी कातडीवर गोल गोल चाव्याच्या खुणा दिसल्या. त्या कृमींनी माझी सात वर्षं वाढवलेली वसाहत संपवली. त्या वसाहतीचा पहिला तुकडा मला क्लबातल्या ज्या मित्रानं दिला होता, तो आता हयात नाही.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारायच्या: हा किती पारच्या प्रकाशाखाली होता, अल्कलिनिटी किती ठेवता, आणि तुमच्याकडे किती दिवस आहे. अल्कलिनिटी 8 वरून एकदम 11 मध्ये गेलं की चांगलं कोरलही हाय खातं. उत्तरं वहीत लिहा, तुकड्याच्या नावासकट. नावं फार गमतीशीर असतात, ‘वॉल्ट डिस्ने’ नावाचा टेन्युइस (अ‍ॅक्रोपोराची एक जात) आहे, ‘होली ग्रेल’ नावाचा टॉर्च (लांब बोटांसारख्या शुंडांचं कोरल) आहे. नावापोटी किंमत चढते, म्हणून नावाला नाही तर कोरलला पैसे द्या. दहा-वीस डॉलरचा, नीट रुजलेला, साधा हिरवा फ्रॅग काही शे डॉलरच्या ताज्या कापलेल्या नामवंतापेक्षा घरी जास्त जगतो.

हवा असलेला तुकडा एकुलता एक असेल तर शुक्रवारीच पैसे देऊन राखून ठेवायला सांगा, पण पिशवीत भरायला रविवारी निघतानाच लावा. तोवर तो विक्रेत्याच्या पाण्यात सुखरूप राहतो. हॉटेलच्या बाथरूममध्ये बादलीत तीन दिवस कोरल ठेवलेले लोक मी पाहिलेत. त्यांचे चेहरे रविवारी बघवत नाहीत. खोलीत कोरल कापायचं तर मनातही आणू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणांसारख्या मऊ कोरलांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. ते कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ती चिकटलेला दगड कधीही गरम पाण्यानं धुवू किंवा उकळू नये, वाफेतून माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

घेऊन निघताना

पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा, आणि दुहेरी पिशवी. टॉर्चसारखं डंख मारणारं कोरल स्वतंत्र पिशवीत. सगळं थर्मोकोलच्या डब्यात उभं ठेवा आणि मोकळ्या जागेत वर्तमानपत्र कोंबा. गाडीत डबा डिकीत ठेवू नका, सीटखाली सावलीत ठेवा. अमेरिकेत देशांतर्गत विमानानं जाणार असाल, तर पारदर्शक डब्यातल्या पाण्यातलं जिवंत कोरल किंवा मासा सुरक्षा तपासणीतून केबिनमध्ये नेता येतो, अधिकारी तो पाहून सोडतात. पण विमान कंपनीचा नियम वेगळा असू शकतो, तिला आधी फोन करून विचारा. तपासणीला वीस मिनिटं जास्त धरून विमानतळावर पोचा.

भारतात परतणाऱ्यांना मात्र मी हात जोडून सांगतो, जिवंत काहीही नेऊ नका, आणि वाळलेला कोरलचा तुकडासुद्धा नाही. दगडी प्रवाळं वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती जी प्रवाळं आहेत त्यांनाही हेच संरक्षण. तिथे मुखवटा लावून पाण्यात डोकं घाला आणि पोटभर पाहा, पण खडा उचलू नका. मरिन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात, 1951 साली उघडलेल्या त्या इमारतीत, बाबांचं बोट धरून मी पहिल्यांदा खाऱ्या पाण्यातले मासे पाहिले. आपल्याकडे ही हौस रुजावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच ती कायद्यात बसेल अशीच रुजायला हवी.

उपकरणं नेता येतात, पण प्लगवरचा मजकूर वाचून. अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, भारतात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. इथला हीटर तिथे लावला तर जळेल. साधा एसी पंपही चालणार नाही; ट्रान्सफॉर्मर लावलात तरी 50 हर्ट्झवर तो हळू फिरेल. डीसी पंपाच्या अडॅप्टरवर ‘100-240’ लिहिलेलं असेल तर तो खुशाल न्या, फक्त पिन बदलावी लागेल. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट, चांगलं भिंग, हे सगळ्यात सोयीचं सामान. मिठाची बादली नेऊ नका, तेवढं वजन परवडत नाही.

घरी पोचल्यावर

कितीही दमलेले असलात तरी पिशव्या आधी. मासा आणला असेल तर एक गोष्ट समजून घ्या. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो, आणि त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडी टाकून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल. क्वारंटाइन टँकची, म्हणजे नवे जीव आधी वेगळे ठेवायच्या टँकची, क्षारता पिशवीतल्या पाण्याशी आधीच जुळवून ठेवा, त्यासाठी विक्रेत्याला क्षारता विचारून आलेलं असावं. मग पिशवी उघडून मासा लगेच नव्या पाण्यात सोडा. पिशवीतलं पाणी टाकून द्या.

कोरललाही तापमान जुळवून घेतलं की डिप, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवणं. बाटलीवर लिहिल्याइतकाच वेळ, आणि अधूनमधून बारीक पिचकारीनं पाण्याचा झोत मारायचा. भांडं पांढरं घ्या, म्हणजे काय गळून पडतंय ते दिसतं. माझ्या त्या कृमी मला पहिल्यांदा अशाच पांढऱ्या वाडग्यात दिसल्या, शेवयाच्या चुऱ्यासारख्या, कडा हलवत असलेल्या. डिपनं कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे कोरल जुन्या चकतीवरून उचकटून नव्या चकतीवर लावा आणि दर आठवड्याला एकदा असं तीन-चार आठवडे डिप करा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे जंतू चकतीला चिकटून येऊ शकतात. ते उपाशी मरावेत म्हणून कोरल बिनमाशांच्या टँकमध्ये 76 दिवस ठेवायची पद्धत टँकवाल्यांत रूढ आहे. मोठ्या टँकची गरज नाही. दहा गॅलनची काच, एक हीटर, एक छोटा पंप आणि एक दिवा पुरतो, मात्र हा टँक परिषदेला निघण्याआधी चालू असायला हवा.

मग वही उघडा. ज्यांनी आकडे पाहून काही सुचवलं, त्यांची नावं आणि सल्ला त्याच रात्री नीट लिहून काढा, सकाळी आठवत नाही. एका वेळी एकच बदल करा, निदान दोन आठवडे थांबा, आकडे घेत राहा. आणि परिणाम दिसला, चांगला वाईट कसाही, की त्या माणसाला चार ओळी लिहून कळवा. डीसीच्या त्या गृहस्थांना मी टोकांचा फोटो दोन महिन्यांनी पाठवला. त्यांचं दोनच ओळींचं उत्तर आलं: अल्कलिनिटी आता किती आहे, आणि फॉस्फेट अजून शून्यच आहे का?